रुंद टायर, जड स्टेअरिंग

५ ऑक्टोबर २०२५, मोहोळ

पूर ओसरला, तरी नदीकाठच्या रानाला अजून वापसा नाही. सीनेने बांधच नेले. पाणंद रस्ता होता तिथे गाळ, गाळात आडवी बाभूळ, कुणाच्या तरी ठिबकच्या नळ्या. पुढच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर दोन ठिकाणी रुतला. जीप मात्र पार गेली. धाकट्या भावाने घातलेल्या रुंद टायरांमुळेच गेली.

येताना चाकोरीतून चाक वर काढत होते. आत दगड होता. स्टेअरिंग हातातून सुटून गर्रकन उलटं फिरलं, मधला दांडा अंगठ्यावर बसला.

६ ऑक्टोबर

अंगठा सुजलाय. पेन धरवत नाही.

आप्पा, आमचे वडील, म्हणाले, "अंगठा आतनं गुंडाळून धरायचा न्हाई. वरनं ठेवायचा. जीपला पहिल्यापासनं हेच शिकवत्यात."

८ ऑक्टोबर

मलिकपेठकडच्या रानात ज्वारी पेरायची म्हणजे माती वळली पाहिजे. अजून पाय ठेवला की घोट्यापर्यंत जातो. आप्पांचा हट्ट मालदांडीचाच. एम ३५-१ आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर निघालेली, ती सोडून दुसरं बी त्यांना घरात चालत नाही.

जीपशिवाय रान नाही. बाया, खत, डिझेलचे कॅन, सगळं तिच्यातूनच जातं.

९ ऑक्टोबर

रात्री झोप नाही. जीपमध्ये काय काय बदललं ते लिहून काढते.

१९९२ ची एमएम ५४०. पूजोचं डिझेल इंजिन. कंपनीतून आली तेव्हा ६.००-१६ चे टायर. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला असतात तेच माप.

धाकटा गोव्यातलं रेनफॉरेस्ट चॅलेंज बघून आला आणि मग सुरू झालं. ३१ × १०.५ आर १५ टायर. त्यासाठी बाहेर काढलेल्या रुंद रिम. टायर मडगार्डला घासू नयेत म्हणून पाट्यांना लांब शॅकल. आणि मूळचं मोठं स्टेअरिंग काढून लहान, जाड रबराचं.

मग चाकणला नोकरी लागली. गाडी इथे, तो तिथे.

११ ऑक्टोबर

आप्पांचा खांदा. डॉक्टर म्हणाले फ्रोझन शोल्डर, वर्षही लागेल. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. गाडी बंद.

शेजारी बसतात. वळण आलं की त्यांचा पाय रिकाम्या पत्र्यावर दाबला जातो.

१३ ऑक्टोबर

कुरुल रोडला मिस्त्रीकडे गेले. मला वाटलं होतं, बघेल आणि पॉवर स्टेअरिंग बसवू म्हणेल. त्याने आधी मला सीटवर बसवलं.

"अक्का, इंजिन बंद ठेवा. चाकं जमिनीवरच राहू द्या. स्टेअरिंग नुसतं इकडनं तिकडं हलवा. जोर लावू नका."

तो खाली सरकला. एकेका सांध्यावर हात ठेवत गेला. मी हलवतेय, तो बोलतोय. ड्रॅग लिंकचा पुढचा एंड, टक. टाय रॉडचा डावा एंड, टक. ड्रॉप आर्म फिरतो, पण स्टेअरिंगच्या पेटीत आधी मोकळं जातं. पेटीचे बोल्ट बसतात तिथे चॅसीवर केसाएवढी रेघ. तिथे त्याने बोट फिरवलं आणि मला खाली बोलावून दाखवलं. गंजाची बारीक लाल रेघ, तेलाने काळी झालेली.

वरती आल्यावर म्हणाला, "पॉवर घालतो. आजच सांगा. पण पॉवर या सांध्यावर बसली तर चार म्हयन्यात काय तुटंल ते मी सांगू शकत न्हाई."

१४ ऑक्टोबर

सांध्यांतला मोकळेपणा हाताला कळत होता, तो पॉवर आली की कळेनासा होईल. चाक हलकं फिरेल आणि गाडीत काही बिघाड आहे असं वाटणारही नाही. मिस्त्री काल हेच सांगत होता. मागे बाया बसलेल्या असतात.

१६ ऑक्टोबर

पुन्हा मिस्त्रीकडे. आज फक्त टायर.

फरशीवर टायरभोवती खडूने रेघ मारली. जागेवर उभ्या गाडीचं स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवायला लावलं. माझे दोन्ही हात लागले, पाठ सीटला टेकवावी लागली. टायर जागेवर फिरला नाही. फरशीवर घासत कमान काढून पुढे सरकला. काळा पट्टा उमटला.

किंगपिनच्या सरळ रेषेत खाली जमिनीवर एक बिंदू येतो. त्याच्या जितकं जवळ टायरचं मधोमध, तितकं चाक सुखाने वळतं. रिम बाहेर काढली की टायर त्या बिंदूपासून लांब जातो. मग वळताना फिरणं कमी, ओढत नेणं जास्त. दगडावर आदळला की तोच लांबपणा उलट्या दिशेने हातावर येतो. माझा अंगठा त्याने सुजला.

रुंदी हे एक कारण. उंचीचं वेगळं. २८ इंचांच्या जागी ३१ इंचांचं चाक, म्हणजे काटा ५० दाखवतो तेव्हा गाडी ५५ ने चाललेली असते. ब्रेक मात्र तेच जुने ड्रमचे.

आप्पा दोन वर्षं हेच म्हणत होते, "बिरेक कुणी बदलला?"

१७ ऑक्टोबर

धाकट्याचा फोन. व्हिडिओ पाठवले. टाय रॉडलाच हायड्रॉलिक रॅम जोडायचा, तोच चाक ढकलतो.

म्हटलं, आपण खडकावर चढत नाही रे. गाळातून खताची पोती नेतो.

"अक्का, एकदा करून टाकू. परत बघायला नको."

त्याला गाडीवर माया आहे. पैसेही तोच देतो म्हणतोय. पण चालवते मी.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

धाकटा आला. जीपचीही पूजा केली. फुलांचा हार लहान स्टेअरिंगवरून घसरत होता.

२२ ऑक्टोबर

सकाळी दोघं माळवदावर चढलो. मूळचं मोठं स्टेअरिंग सापडलं, सुतळीने बांधलेलं. आप्पांनीच ठेवलेलं. बसवलं. चाकाचा घेर वाढला, तेवढा हाताला आधार वाढला. जड आहेच, पण पाठ टेकवावी लागत नाही. एक रुपया न घालता एवढा फरक.

धाकटा गप्प होता. मग म्हणाला, "मला दिसायला आवडलं होतं ते."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ओवाळताना त्याने पुन्हा काढलं. आता इलेक्ट्रिक. छोट्या गाड्यांत स्टेअरिंगच्या दांड्यावरच मोटर असते, तशी कॉलम बसवू. पाइप नाही, तेल नाही, पंप नाही. मोटर आत केबिनमध्ये, पाण्यात जात नाही.

यातलं बरंच पटलं. एक पटलं नाही. ती मोटर वरून दांडा पिळणार. सगळा जोर जुन्या पेटीच्या दातांतूनच खाली जाणार. हायड्रॉलिक पेटीत तेलाचा दाब थेट पेटीच्या आतल्या पिस्टनवर येतो, जोर तिथेच तयार होतो. बत्तीस-तेहतीस वर्षांच्या पेटीवर मोटरचा भार टाकायचा नाही.

त्याला कागदावर काढून दाखवलं. ऐकलं त्याने.

३० ऑक्टोबर

पंढरपूर रोडला बियाण्याला गेले होते. कार्तिकीच्या दिंड्या. कडेने पताका, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया, लेकरं. समोरून ट्रक आला म्हणून जीप डावीकडे घेतली. घेतली तेवढीच थांबली नाही, आणखी सरकली. परत उजवीकडे आणली तर तिकडे जास्त गेली.

कुणाला धक्का लागला नाही. टाळ वाजतच होते. मी पुढे झाडाखाली गाडी लावून बराच वेळ बसले.

सांधे होईपर्यंत डांबरीवर न्यायची नाही.

३१ ऑक्टोबर

मिस्त्रीला कालचं सांगितलं. सांध्यांसोबत त्याने शॅकलकडे बोट दाखवलं. पुढच्या पाट्याचं शॅकल लांब केलं की अ‍ॅक्सल थोडा फिरतो, किंगपिनचा मागे झुकलेला कल कमी होतो. त्या कलामुळे सोडलेलं स्टेअरिंग आपोआप सरळ येतं. कल गेला की गाडी रस्त्यावर भटकते.

उपाय म्हणजे पाट्याखाली लोखंडी पाचर किंवा मूळचे शॅकल. कल वाढवला की गाडी सरळ धावते, पण वळवायला थोडी जड होते. दोन्ही बाजूंनी हलकं असं काही नसतं. मूळचे शॅकल घालू म्हटलं. मग हे टायर घासणार.

म्हणजे टायरचाही निकाल लागला.

१ नोव्हेंबर

गाळप सुरू. रात्रभर डबल ट्रॉल्या. आपला ऊस पुराने लोळलेला, तोड कधी येईल देव जाणे. एफआरपी टनाला ३,५५० धरली तरी लोळलेल्या उसाला वजन कुठलं. पेरणीचं, स्टेअरिंगचं, आप्पांच्या फिजिओचं, सगळं त्या बिलावर.

४ नोव्हेंबर

आप्पांना विचारलं, जुन्या रिम कुठे?

कडब्याच्या गंजीमागे. ग्रीस लावून, पोत्यात.

"म्हाईत होतं मला," एवढंच म्हणाले.

७ नोव्हेंबर

वापसा आला. पेरणी सुरू. जीप नाही, भाड्याचा टेम्पो. बाया म्हणाल्या, जीपच बरी होती.

१२ नोव्हेंबर

गॅरेजला अर्धा दिवस बसले. मिस्त्रीने दोन्ही बाजूंचे नकल उघडले. किंगपिनची बेअरिंगं हातावर घेतली, डाव्या बाजूच्या वाटीवर रोलरच्या खुणा उमटलेल्या. नखाला लागत होत्या. अशा वाटीवर चाक मधल्या जागी अडखळत राहतं. पुराचं पाणी सीलमधून आत गेलेलं, ग्रीस दुधी झालेलं.

नवी बसवल्यावर त्याने भाजीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा आणला. टाय रॉड सुटा, सील अजून बसवलेलं नाही. नकलच्या आर्मला काट्याचा आकडा अडकवून हळूच ओढलं. काटा किती दाखवतो बघितलं. पत्र्याची एक पातळ शिम काढली, पुन्हा ओढलं. दोन्ही बाजूंना सारखं येईपर्यंत. घाई केली नाही. सैल ठेवलं तर चाक थरथरतं, जास्त आवळलं तर बेअरिंग मरतं आणि स्टेअरिंग परत येत नाही.

मी मोबाइलचा टॉर्च धरला होता. हात अवघडला, पण हलवला नाही.

१४ नोव्हेंबर

चिंचोळीच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडे ड्रॅग लिंक. एंड बसतो ती निमुळती भोकं झिजून लंबगोल झालेली. तशात नवा एंड घातला असता तर महिन्यात हलला असता. सोबत गेले म्हणून कळलं. नवीन लिंक करायला टाकली.

येताना लांबोटीत चहा आणि चिवड्याचा पुडा. आप्पांना लागतो.

१८ नोव्हेंबर

पेटी उघडली. बेअरिंगं बदलली. वरचा स्क्रू आवळून उरलेला खेळ काढता येईल का विचारलं. मिस्त्री म्हणाला, मधल्या जागी दात जास्त झिजतात, कडेला कमी. मधला खेळ स्क्रूने पुरता काढला तर कडेला अडकणार. थोडा राहू दे.

२० नोव्हेंबर

चॅसीची रेघ. इथे मी हटून बसले. नुसतं वेल्डिंग ओढून चालणार नाही म्हटलं. मिस्त्रीच्याही मनात तेच होतं. रेघेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग खाच करून वेल्डिंग, वर पट्टी. पट्टीची टोकं सरळ नाहीत, माशाच्या तोंडासारखी कापलेली. सरळ आडवं वेल्डिंग केलं की पुढची चीर नेमकी तिथेच पडते. बोल्टांना आतून बूश, आवळताना चॅसी दबू नये म्हणून.

पट्टी जरा मोठीच घ्यायला लावली. का ते बोलले नाही. तो समजला असावा.

२३ नोव्हेंबर

जीप घरी. मूळच्या रिम, एनडीएमएस नक्षीचे नवे ६.००-१६, मूळचे शॅकल, मोठं स्टेअरिंग. पुढची चाकं किंचित आत, टेपने मोजून.

मोकळ्या रस्त्यावर हात सैल सोडून बघितलं. सरळ गेली. वळणातून बाहेर येताना स्टेअरिंग आपलं आपण फिरत परत आलं. ते तळव्याखालून सरकताना इतकं बरं वाटलं की गाडी थांबवून मिस्त्रीला फोन केला.

२४ नोव्हेंबर

रानात नेली. गाळ आता वरून वाळलाय, आत ओला. रुंद टायर वरून तरंगत जायचे, हे कापत जातात. एका जागी मागचं चाक बसलं, उसाचं पाचट घालून काढावी लागली. रुंद टायरांवर ही वेळ आली नसती. हेही लिहून ठेवते.

पण दगडावर चाक आपटलं तेव्हा स्टेअरिंग हातात राहिलं.

२६ नोव्हेंबर

थांबावं का इथेच? मला पुरतंय.

२८ नोव्हेंबर

पहाटे इंजिनचा आवाज. खिडकीतून बघितलं. आप्पा.

अंगणात मागे-पुढे घेत होते. चालती असेपर्यंत डाव्या हातानेच छान फिरवत होते. गोठ्यापाशी जागा कमी, तिथे जवळपास थांबून पूर्ण वळवावं लागतं. उजवा हात वर गेला, अर्ध्यात थांबला. तोंड वाकडं झालं. ब्रेक, न्यूट्रल, इंजिन बंद. बराच वेळ दोन्ही हात मांडीवर.

मी बाहेर गेले नाही.

चहाला म्हणाले, "चांगली झालीय. सरळ जाती."

२९ नोव्हेंबर

फिजिओला विचारलं. गाडी चालवणं पुढे सुरू करता येईल, पण ओढून-दाबून जोर लागेल असं काही नको. डॉक्टरांनाही विचारायचं.

मिस्त्रीला फोन केला. पॉवरचं बोलू म्हटलं.

"मला वाटलंच. पट्टी मोठी घेतली तवाच."

१ डिसेंबर

कागद. आप्पांची आरसी प्लास्टिकच्या पिशवीत, २०२७ ला पुन्हा पासिंग. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतला तपशील जुळणार नाही असा बदल करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही ते कडकपणे धरलं. रुंद टायर गेले ते त्या दृष्टीनेही बरं झालं.

स्टेअरिंगचं काय? एजंट म्हणाला, आरसीवर स्टेअरिंगचा उल्लेखच नसतो, बिनधास्त घाला. मला बिनधास्त नको. उद्या अपघात झाला तर विमेवाला पहिलं हेच काढेल. सोलापूर आरटीओला लेखी अर्ज. वडिलांचा खांदा, डॉक्टरांचा कागद, काय बसवणार त्याचं वर्णन, सगळं जोडलं.

३ डिसेंबर

धाकट्याला सांगितलं. मला वाटलं म्हणेल, मी तेच सांगत होतो. नाही म्हणाला. "आप्पांना बसवतेस ना पुन्हा? मग बोल, काय पाठवू?" रुंद टायर विकून येतील ते पैसे पंपाला लाव म्हणाला.

६ डिसेंबर

सोलापूरला मिस्त्रीबरोबर जुन्या बोलेरोची पेटी बघितली. हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायची. कुठे अडखळते का, मधल्या जागी मोकळी जाते का. खालच्या शाफ्टच्या सीलपाशी तेल ओघळलंय का. पहिली नाकारली, मधे खरखर होती. दुसरी घेतली. पंप मात्र नवा, होज नवे.

बसवताना सगळ्यात मोठी गोष्ट जागा. पाटा दबतो-उठतो तेव्हा अ‍ॅक्सल ज्या कमानीत फिरतो, लिंकचं टोकही जवळपास त्याच कमानीत फिरलं पाहिजे. नाही तर दर खड्ड्याला गाडी स्वतःच वळेल. मिस्त्री म्हणाला, आधी नुसते दोन बोल्ट, जॅकने अ‍ॅक्सल खाली-वर करून बघू, स्टेअरिंग हललं नाही तरच पक्कं.

९ डिसेंबर

विचार आला : इंजिन मधेच बंद पडलं तर? पंप थांबला की पॉवरची पेटी साध्या पेटीपेक्षा जड. आप्पांना ते जमणार नाही. म्हणून आप्पांनी फक्त आपल्या रानात, अंगणात चालवायची. हमरस्त्यावर, पुलावर मी. हे त्यांना आधीच सांगितलं.

"पासष्ट नंबरवर मला जायाचंच न्हाई. माझं रान दाखव मला," म्हणाले.

१२ डिसेंबर

ऊसतोडीची टोळी आली. चूल, लेकरं, बैल. लोळलेला ऊस तोडायला हात जास्त लागतात, मुकादम आधीच बोलून गेला.

१६ डिसेंबर

डॉक्टरांकडे. हात कानापर्यंत आला. हलकी गाडी मोकळ्या जागेत, थोडा वेळ, चालेल म्हणाले. आप्पा मला बघत होते, डॉक्टरांना नाही.

१८ डिसेंबर

अर्जाची पोच हातात आहे, उत्तर नाही. उत्तर येईपर्यंत पॉवर बसवून डांबरीवर न्यायची नाही, हे मिस्त्रीलाही बजावलं. मोजमाप आणि ब्रॅकेटचं काम आता, अदलाबदल नंतर. साधी पेटी नीट करून ठेवायची, टाकायची नाही.

रात्री वहीत मिस्त्रीसाठी लिहिलं : पंपाचा बेल्ट किती ओढायचा. तेल भरून चाकं उचलून, इंजिन न लावता स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून हवा काढायची. शेवटच्या टोकाला दाबून धरायचं नाही, पंप किंचाळतो आणि तेल तापतं, हे आप्पांना दाखवायचं. ड्रॉप आर्मचा नट मी स्वतः बघणार. एंडच्या प्रत्येक नटाला नवी स्प्लिट पिन. थोडं चालवून झालं की चॅसीचे बोल्ट पुन्हा पान्याने बघायचे, पट्टीच्या कडेला रंग फुटलाय का तेही.

सोमवारी जीप मोजमापाला सोडायची. तोवर शुक्रवारी आरटीओत एक फोन.